बाभूळ, पाणवठा आणि ऑस्ट्रेलियाची भाषा

आमच्या घरातलं कुणी ऑस्ट्रेलियाला गेलेलं नाही. माझ्या नवऱ्याचा सगळ्यात लांबचा प्रवास देगलूरवरून हैदराबादपर्यंतचा, तोही डोळे दाखवायला. तरी आमच्या नांदेडच्या घरात रोज सकाळी नाश्ता झाला की ऑस्ट्रेलियाचा मामला सुरू व्हायचा, आणि त्या मामल्यापायी माझ्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडायच्या बेताला आलं होतं. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "पोरगी ऑस्ट्रेलियात देणार होते का?" नाही हो. पोरगी लातूरला देणार होतो.

नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला. निवृत्त माणसं देवळात जातात, बागेत हातपाय हलवतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. आमच्या माणसानं तिसरी गोष्ट आठवडाभर करून पाहिली. मी डाव त्याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसले, तेव्हा तो छंद सुटला. मग त्याला इंटरनेटवरचा तो मराठी ज्ञानकोश सापडला, ज्यात कुणीही लिहू शकतो आणि कुणीही लिहिलेलं खोडू शकतो. पगार नाही, छापून नाव नाही, वादावादी मात्र हवी तेवढी. त्याला स्वर्ग दोन बोटं उरला.

या ज्ञानकोशात मराठीत रोज नेमानं काम करणारी माणसं मोजकी. सगळी मिळून एका ऑटोत मावतील, आणि मावली तरी अर्धी वाटेत भांडून उतरतील. प्रत्येकजण टोपणनावानं लिहितो, त्यामुळे समोरचा कलेक्टर आहे की कॉलेजातलं पोर, काही कळत नाही. आमच्या माणसाला टोपणनाव मीच सुचवलं, पाणवठा. जन्मभर पाण्याच्या खात्यात गेला, म्हणून.

अडचण एकच होती. त्याला मराठी टाइप करता येत नव्हतं. एका बोटानं तो अक्षरं शोधायचा आणि रफार आला की की-बोर्डला शिव्या घालायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. शाळेत मुलांना शिकवण्यापेक्षा माहिती भरून पाठवण्याचंच काम जास्त, त्यामुळे माझी बोटं चालतात. तेव्हा असं ठरलं की त्यानं खोलीत येरझाऱ्या घालत सांगायचं आणि मी टाइप करायचं. सुट्टीच्या दिवशी निवांत, शाळा असली की डबा भरायच्या आधी घाईघाईत.

घरातलं बोलणंही हळूहळू बदललं. शेजारचे काका म्हणाले, "यंदा पाऊस बरा हाय म्हणतेत," की हा विचारायचा, "कोण म्हणतंय? कुठं छापून आलंय?" त्या ज्ञानकोशात कुणी पुराव्याशिवाय काही लिहिलं की वाक्यापुढं 'संदर्भ हवा' अशी पाटी लावतात. आमच्या घरात ती पाटी जेवणाच्या ताटापर्यंत आली. "माझी आई भाजीत कारळाचं कूट घालायची," असं तो म्हणाला की मीच म्हणायचे, "संदर्भ हवा." कारण सासूबाई माझ्यासमोर कारळाला कधी शिवल्या नव्हत्या.

तर ऑस्ट्रेलिया. प्रत्येक देशाच्या लेखात उजव्या बाजूला एक चौकट असते. राजधानी, चलन, लोकसंख्या आणि अधिकृत भाषा. ऑस्ट्रेलियाच्या चौकटीत अधिकृत भाषेपुढं आमच्या माणसानं 'इंग्रजी' लिहिलं. म्हणजे मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ते गायब, आणि त्याजागी 'नाही'. करणाऱ्याचं टोपणनाव बाभूळ.

प्रत्येक लेखामागं एक चर्चापान असतं, तिथं वाद घालायचा असतो. बाभूळनं तिथं लिहिलं होतं, "ऑस्ट्रेलियाच्या घटनेत अधिकृत भाषेचा उल्लेख नाही. कोणत्याही कायद्यानं इंग्रजीला तो दर्जा दिलेला नाही. नोंद नसेल तर दर्जा नाही."

आमच्या माणसाचा चहा निवला. "म्हणजे त्यांची संसद काय कानडीत चालते का?" तो ओरडला. "कोर्ट इंग्रजीत, कायदे इंग्रजीत, शाळा इंग्रजीत, आन् हा म्हणतो भाषाच न्हाई! लिही. 'मूर्ख माणसा,' असं लिही."

मी लिहिलं, "माननीय सदस्य बाभूळ यांस."

यात माझा काही दोष नाही. शाळेत इतकी वर्षं मुलांचे निबंध तपासल्यावर लाल पेनाशिवाय काही वाचताच येत नाही. तो सांगायचा ते मी पुरतं ऐकायचे, मुद्दा तसाच ठेवायचे आणि शिव्या गाळायचे. त्यानं स्वतः सांगून लिहून घेतलेलं परत कधी वाचलं नाही. आपण काय म्हणालो ते आपल्याला माहीतच आहे, असा त्याचा पक्का समज होता.

त्याचा मुद्दा नोकरीतून आला होता. त्यानं असे कालवे पाहिले होते की नकाशावर झकास निळी रेघ आणि शेतात धूळ. आणि असेही पाहिले होते की नकाशात काहीच नाही, पण शेतकऱ्यांनी चर खणून पाणी नेलेलं. म्हणून तो चर्चापानावर दर चार दिवसांनी एकच वाक्य टाकायला लावायचा, "कागद काहीही म्हणो, पाणी वाहतं तोच कालवा."

बाभूळचंही एक ठरलेलं वाक्य होतं. आम्ही कुठं 'विख्यात', 'महान', 'निर्विवाद' असं काही लिहिलं की उत्तर यायचं, "विशेषणे काढावीत, माहिती ठेवावी." बरोबरच होतं ते. मला तर ते वाक्य इतकं आवडलं की मी ते नववीच्या वर्गाला फळ्यावर लिहून दिलं. नवऱ्याला अर्थात सांगितलं नाही.

पण बाभूळची एक गोष्ट मला कोड्यात टाकायची. सगळं उत्तर कोरडं, कलमं आणि पोटकलमं. आणि अगदी शेवटी एक ओळ, "उन्हाळा फार आहे, जपून राहावे." दिवाळीत, "फराळ जपून खावा." मला वाटायचं, काय सभ्य माणूस आहे हा. मग आमच्या उत्तराच्या शेवटी मीही एक ओळ घालायला लागले. "आपणही ताक घेत जावे." "डोळ्यांना ताण देऊ नये." ऑस्ट्रेलियावरून आमची जुंपलेली आणि खाली आम्ही एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करतोय, असा तो सगळा प्रकार होता.

अशात मुलगी पुण्याहून घरी आली आणि म्हणाली, मुलगा पाहून ठेवलाय. तिच्याच कंपनीत आहे, लातूरचा आहे, वडील नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेत. मुलगी चांगली शिकलेली, कमावती, पण बोलताना ओढणीचं टोक पिळत होती. "आई," ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "हे मोडलं तर मी दुसरं करणार न्हाई. बाबांना सांभाळ. तो लातूरचा हाय म्हणून काही बोलू देऊ नकोस."

लातूर म्हटलं की आमच्या माणसाची जीभ वळवळतेच. विभागीय महसूल आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला यावर या दोन गावांनी इतका घसा कोरडा केलाय की त्यात एक धरण भरलं असतं. आम्ही गोदावरीच्या पाण्याचा तोरा मिरवतो, ते मुलांच्या मार्कांचा. पण लेकीसाठी त्यानं लातूर गिळलं. फक्त एक अट घातली. बैठक होऊन सगळं रीतसर ठरत नाही तोवर कुणाला बोलायचं नाही. "ठरलेलं नसतंय ते ठरलेलं नसतंय," तो म्हणाला. पोरं दोन वर्षं एकत्र डबा खात होती, एकमेकांच्या मित्रमंडळीत नवरा-बायको म्हणूनच वावरत होती, पण याच्या लेखी काहीच झालेलं नव्हतं. मी म्हटलं, "आणि ऑस्ट्रेलियात?" तो म्हणाला, "त्याचा इथं काय संबंध?"

त्याच आठवड्यात बाभूळनं आमचं 'इंग्रजी' पुन्हा खोडून उलटवलं. पुन्हा म्हणजे लागोपाठ तिसऱ्यांदा. ज्ञानकोशाच्या रीतीत असं करणाऱ्याची तक्रार प्रचालकाकडं करता येते आणि प्रचालक त्याचं लिहिणं काही काळ बंद करू शकतो. आमच्या माणसाला मोका मिळाला. "लिही," तो म्हणाला, "हा हट्टी माणूस हाय. ह्याच्याशी कुठलाच व्यवहार शक्य न्हाई. ह्याला कायमचा बंद करा."

मी पुष्कळ समजावलं. ऐकेना. मग तक्रार लिहिली. हट्टीचं 'आग्रही' केलं, 'कायमचा' हा शब्द काढला. 'व्यवहार शक्य नाही' मात्र ठेवावं लागलं, कारण तो मागं उभा राहून बघत होता. तो पाणी प्यायला गेला तेवढ्यात शेवटी एक ओळ घातली आणि पाठवून दिलं. प्रचालक बिचारा कुठंतरी नोकरी करून हे काम करणारा. त्याचं उत्तर येईना.

आणि लातूरची मंडळी मुलगी पाहायला आली. मुलगा, त्याचे आईवडील. वडील उंच, सडपातळ, खिशाला दोन पेनं. आई ठेंगणी, हसरी, फार न बोलणारी. पूर्वी लातुरात टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवायची, एवढंच तिच्याबद्दल कळलं. नवरा मंडळींसाठी बर्फी आणायला गेला होता, तेवढ्यात त्या गृहस्थांनी मुलीचा बायोडाटा हातात घेतला. तो माझ्या भावानं हौसेनं तयार केला होता. सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ, असं सगळं भरलेलं.

त्यांनी चष्मा वर केला आणि सहज म्हणाले, "विशेषणं काढावीत, माहिती ठेवावी. मुलगी चांगली हाय हे दिसूनच राहिलंय की."

माझ्या हातातला पोह्यांचा डाव भांड्याच्या काठावर आपटला. मी त्यांच्याकडं पाहतच राहिले. आम्ही ज्याला बंद करा म्हणून तक्रार केली ती बाभूळ माझ्या दिवाणखान्यात बसून माझे पोहे खात होती. शिवाय जाताना हे गृहस्थ माझ्या मुलीला "सूनबाई, येतो बरं" म्हणाले. नोंद नाही तर दर्जा नाही म्हणणारा माणूस! बैठक नाही, साखरपुडा नाही, आणि सरळ सूनबाई.

नवऱ्याला सांगावं तर तो बैठकीला जाणार नाही. नाही सांगावं तर त्या दोघांची कधी ना कधी गाठ पडणारच. मुलीला तेवढं सांगितलं. ती आधी खूप हसली आणि मग रडवेली झाली. "आई, ते ऑस्ट्रेलिया संपव आधी," ती म्हणाली. मी नवऱ्याला म्हटलं, तक्रार मागं घेऊ या, उन्हाळा आहे, कशाला कटकट. तर तो म्हणाला, "उन्हाळ्याचा आन् तक्रारीचा काय संबंध?" मग मी बोटं दुखतात म्हणून टाइप करायचंच बंद केलं. त्यानं माझ्यासाठी औषधाचं तेल आणलं. इतका प्रेमळ माणूस, पण ऑस्ट्रेलिया म्हटलं की दगड.

बैठक अहमदपूरला ठरली. आम्ही लातूरला जाऊन बसायचं नाही, त्यांनी पुन्हा नांदेडला यायचं नाही, आणि अहमदपूर मधोमध, तिथं माझा भाऊ शिक्षक आहे. शाळेला सुट्टी लागली होती. बसमध्ये नवऱ्याच्या शेजारी बसून मी लोहा येईपर्यंत देवाचं नाव घेतलं आणि लोहा गेल्यावर त्याला बजावलं, "आज कालव्याचं काही बोलायचं नाही." तो म्हणाला, "लग्नाच्या बैठकीत कालवा कशाला येतोय?"

आला. सुरुवात छानच झाली. त्यांनी देण्याघेण्याचं नावही काढलं नाही. खर्च दोघांनी अर्धा-अर्धा करायचा, कार्यालय नांदेडचं, जेवण त्यांच्या पसंतीचं. माझा भाऊ खुशीत येऊन सरबत वाटत होता. मुलगी माझ्या शेजारी बसली होती, तिची ओढणी सुटी होती, हे मी मुद्दाम पाहून घेतलं. मग त्या गृहस्थांनी खिशातून पेन काढलं.

"आता हे सगळं लिहून घेऊ," ते म्हणाले. "दोन्हीकडच्या सह्या करू. म्हणजे पुढं बोलायला जागा राहत न्हाई."

माझ्या नवऱ्याला ते लागलं. "लिहायचं कशाला पाहुणे? शब्द दिला, झालं. कागद काहीही म्हणो, पाणी वाहतं तोच कालवा."

मी डोळे मिटले.

त्या गृहस्थांचं पेन हवेतच राहिलं. "हे वाक्य तुम्ही अगोदर कुठं लिहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"लिहिलंय की. लई ठिकाणी."

"पाणवठा?"

आता माझा नवरा त्यांच्याकडं नीट पाहायला लागला. पेनाकडं, चष्म्याकडं, मग परत पेनाकडं. "बाभूळ?" तो म्हणाला.

"वळख निघाली वाटतं!" माझा भाऊ आनंदानं म्हणाला आणि आणखी सरबत आणायला आत गेला. त्याला वाटलं, एका बॅचचे असतील.

"माझ्यावर दरखास्त केली ती तुम्ही," ते गृहस्थ सावकाश म्हणाले. "माझ्याशी कुठलाच व्यवहार शक्य न्हाई म्हणून."

"हाव, केली," नवरा म्हणाला. "तीनदा उलटवलं तुम्ही."

"मग जो व्यवहार शक्यच न्हाई तो आज आपण कशाला करून राहिलो?" त्यांनी पेनाला टोपण लावलं, ते खिशात ठेवलं आणि उठून उभे राहिले.

मुलीनं वडिलांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. एका देशाच्या चौकटीतल्या एका शब्दासाठी, जो देश या दोघांनी टीव्हीवरच्या क्रिकेटपलीकडं पाहिला नाही, त्यासाठी माझी लेक तिथं पांढरीफटक पडून बसली होती. मला त्या दोघांचाही असा संताप आला की उठून दोघांना कोपऱ्यात उभं करावं.

तेवढ्यात त्यांची बायको, इतका वेळ गप्प बसलेली ती ठेंगणी बाई, म्हणाली, "बसा."

"ऐकलंस न्हवं, यांनी—"

"बसा म्हणते. दरखास्तीत शेवटी काय लिहिलं होतं? मी वाचून दाखवलं होतं तुमाला."

त्यांना आठवेना.

"'सदस्य बाभूळ यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मात्र तिळमात्र शंका नाही.' ते ऐकून तुम्ही त्या दिवशी दुसरा चहा मागितला होता."

मी मनात तिला हात जोडले. प्रकरण मिटलंच होतं. आणि माझा नवरा, जन्मभर खरं बोलण्याचा मक्ता घेतलेला हा माणूस, म्हणाला, "असं मी कुठं म्हणालो?"

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी म्हटलं, "मी लिहिलं. टाइप मी करते."

"वाटलंच मला," ती बाई हसून म्हणाली. "तसली ओळ गडीमाणसाला सुचत न्हाई. आन् उन्हाळ्याची ओळ माझी बरं का. ह्यांचं टाइपिंग मीच करते. नजर अधू झाली ह्यांची."

"कुठली उन्हाळ्याची?" तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"फराळाची पण तुमचीच का?" मी विचारलं.

"हाव. आन् ताकाची तुमची ना? मी खरंच घ्यायला लागले ताक."

इतके दिवस मी ज्या सभ्य गृहस्थाचं मनात कौतुक करत होते ती ही बाई होती. मला तिथंच तिला मिठी मारावीशी वाटली. पण आमच्या हसण्यानं भागणार नव्हतं, कारण तिचा नवरा अजून उभाच होता. ते आमच्याकडं नाही, सरळ माझ्या नवऱ्याकडं पाहत होते.

"म्हणजे ती ओळ तुमची न्हाई," ते म्हणाले. "म्हणजे शंका हाय तुमाला."

माझा नवरा साधं 'नाही' म्हणून वेळ मारून नेईल असा माणूस नाही, हे मला आणि मुलीला दोघींनाही माहीत होतं. मुलीनं माझा हात घट्ट धरला. तो सतरंजीकडं बघायला लागला. खात्यात वरिष्ठांपुढं उत्तर देताना तो असाच बघायचा.

"तवा मी तसं म्हणालो न्हवतो," तो शेवटी म्हणाला. "तवा मला तुमचा राग आला होता. पण इतक्या दिवसांत बाभळीनं खोटा संदर्भ एकदाबी दिला न्हाई. हे खरं हाय. तवा म्हणालो न्हवतो, आता म्हणतो. शंका न्हाई." आणि थोडं थांबून, "लिहून घ्या."

ते गृहस्थ खाली बसले. हात खिशातल्या पेनाकडं गेला आणि तिथंच थांबला. "लिहायचं कशाला?" ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात, झालं."

माझा भाऊ सरबत घेऊन आला तेव्हा आम्ही सगळे डोळे पुसत होतो. तो घाबरून म्हणाला, "काय झालं? मोडलं का?"

मोडलं नाही. पण ऑस्ट्रेलिया बाकी होता, आणि ते दोघं तो तसा सोडणाऱ्यातले नव्हते. विहीणबाईंनी सुचवलं की एका शब्दावर भांडण्यापेक्षा चौकटीत दोन ओळी का करू नयेत. कायद्यानं कोणतीही नाही, व्यवहारात इंग्रजी. दोघं लगेच मान्य झाले, जसं काही त्यांचंच मत पहिल्यापासून हे होतं. मी म्हटलं, चला, संपलं. पण नाही. ज्ञानकोशाच्या रीतीप्रमाणं बाहेर कुठं ठरलेलं धरत नाहीत, चर्चापानावर लिहिलं तरच ती सहमती. "अहमदपूरला ठरलं म्हणून कसं चालंल?" माझा नवरा म्हणाला. "तेच म्हणतो मी," व्याही म्हणाले. मग दोघं शेजारी शेजारी बसून सांगायला लागले आणि आम्ही दोघी आपापल्या फोनवर टाइप करत राहिलो. तक्रार मागं घेतल्याचंही त्यातच लिहिलं. निघताना बसस्टँडवर विहीणबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "उन्हाळा लई हाय, जपून राहा."

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ आमच्याकडचं. पत्रिकेत एकही विशेषण नव्हतं. व्याह्यांनी स्वतः तपासली. मंगलाष्टकं चालू असताना मी एकदा मागं वळून पाहिलं तर दोघं व्याही खांबाला टेकून एका मोबाइलमध्ये डोकं घालून उभे. कुणीतरी नवीन माणूस येऊन आमच्या दोन ओळी खोडून 'इंग्रजी' लिहून गेला होता. मी विहीणबाईंकडं पाहिलं, त्यांनी अक्षतांच्या हातानंच कपाळ धरलं.

लेक गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं. ती आधीही पुण्यातच असायची, फरक पडायला नको होता. पण पडला, आणि माझ्यापेक्षा त्याला जास्त. तो बोलून दाखवत नव्हता. लेख सांगताना मध्येच थांबायचा आणि खिडकीबाहेर बघत राहायचा. मी विचारलं की म्हणायचा, "संदर्भ आठवून राहिलो."

पहिल्या संक्रांतीला लेक सासरी लातूरला होती. तिचा फोन आला होता, हलव्याच्या दागिन्यांतले फोटो आले होते. नवऱ्यानं ते पाहिले आणि "बरंय" म्हणून फोन परत दिला. फोटोत सगळेच हसतात, असं तो पुटपुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं ज्ञानकोशाचं पान उघडलं. ऑस्ट्रेलियाच्या चर्चापानावर बाभूळच्या नावानं एक नवीन ओळ आली होती. देशाबद्दल काही नाही, भाषेबद्दल काही नाही. नुसतं, "मुलगी इथे सुखात आहे. थंडी वाढली, जपून राहावे."

ओळ विहीणबाईंची, हे उघडच होतं. पण चर्चापानावर विषयाबाहेरचं काही लिहायचं नसतं. कुणी लिहिलं की सगळ्यांत आधी बाभूळच, म्हणजे व्याहीच, ते काढून टाकायचे, त्यांचा लौकिकच तसा. मी नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं चष्मा लावून ती ओळ वाचली, परत वाचली. "बाभळीनं काढली न्हाई ही?" त्यानं विचारलं.

"रात्रीपासून आहे. काढली नाही."

तो उठून उभा राहिला, मला वाटलं आता येरझाऱ्या घालत काहीतरी लिहायला सांगणार. पण तो म्हणाला, "सरक जरा." माझ्या खुर्चीवर बसला आणि एका बोटानं अक्षरं शोधायला लागला. मी मदतीला हात पुढं केला तर त्यानं बाजूला केला. खूप वेळ लागला. एकदा सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली. मध्येच चिडून विचारलं, "रफार कुठं असतो गं?" मी कळ दाखवली. मग त्यानं पाठवलं, नाक पुसलं आणि अंगणात निघून गेला.

मी पडद्याकडं पाहिलं. मुलगी इथे सुखात आहे, या ओळीखाली पाणवठ्यानं स्वतःच्या बोटानं लिहिलं होतं, "संदर्भ नको."